हललं म्हणणारा माणूस

मोबाईल आधी पालथे घाला. तो निळा उजेड तोंडावर पडला की माणूस गोष्ट ऐकतोय की हप्ता भरतोय तेच कळत नाही. हं, असं. कोपरगावापासून पायाला फोड येईपर्यंत चालत आलात, उद्या दुपारपर्यंत आपण चर्चला पोचू, मग वेदीखालच्या दगडाला हात लावायला तुमची झुंबड उडेल. त्या दगडाविषयी एक गोष्ट आजच ऐकून ठेवा. उलट्या पायाची बाई आणि पिंपळावरचा मुंजा हवा असेल तर खुशाल झोपा, ते माझ्याकडं नाही.

गोष्ट कल्याण अमोलिकची. बेलापुरात गनीभाईंच्या छापखान्यात कॉम्प्युटरवर बसतो तो. सरळ माणूस. चर्चमध्ये बारा वर्षं रविवारच्या पोरांना धर्मशिक्षण दिलं त्यानं. ही हकिगत सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता, आणि यात माझ्या पदरचा एक शब्द नाही.

दिवस पक्का सांगतो. दोन हजार चोवीस सालची तीस ऑगस्ट, शुक्रवार. पोळा तीन दिवसांवर, म्हणजे चंद्र पहाटेपर्यंत उगवायचा नाही.

काम साधं होतं. आठ सप्टेंबरच्या यात्रेसाठी चर्चची स्मरणिका काढायची होती, आणि तिच्यात चर्चचा इतिहास हवा होता. गनीभाईंनी कल्याणला बजावलं होतं की उद्या सकाळी आठपर्यंत मजकूर आला तर आला, नाहीतर मशीन गणपतीच्या मंडळांच्या कामाला लागेल, मग तुमची यात्रा झाल्यावर छापू. फादर त्या दिवशी नाशिकला होते. त्यांनी फोनवर सांगितलं की वेदीमागच्या खोलीतल्या कपाटात आल्बन बाबांची काळी वही आहे, तिचे फोटो काढ, पण वही खोलीबाहेर नेऊ नकोस. किल्ली बनुबाईकडं.

हे आल्बन बाबा म्हणजे ज्यांनी हे चर्च बांधलं ते स्वित्झर्लंडचे फादर. शंभर वर्षं होत आली. येताना त्यांनी आपल्या गावाकडून एक काळा दगड आणला, विटेएवढा, आणि तो वेदीच्या पायथ्याला बसवला. यात्रेला येणारा जो तो त्याला हात लावतो. ज्यांना मूल नाही त्या बाया तर डोकंच टेकवतात. का, ते कुणाला विचारा. सगळे म्हणतील, पहिल्यापासून आहे.

बनुबाई चर्च झाडते, आवारातच मागं तिची वेगळी खोली आहे. साडेनऊला कल्याण किल्ली घ्यायला गेला तेव्हा ती भाकरी बांधून ठेवत होती. किल्ली देताना तिनं हात धरून ठेवला त्याचा.

"निकिता जेवती का रं?"

"जेवती."

"खोटं नको बोलू. परवा आली हुती कुंपनापाशी. तासभर हुती उभी."

कल्याणनं हात सोडवून घेतला. निकिता त्याची बायको. त्या जानेवारीत श्रीरामपूरला ती बाळंत झाली, पोट फाडून मूल काढावं लागलं, आणि मूल मेलेलंच जन्मलं असं कल्याणनं गावाला सांगितलं. निकितालाही तेच सांगितलं, ती तेव्हा भुलीत होती. मुलगी होती. बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून तिला चर्चला लागूनच असलेल्या दफनभूमीच्या तारेच्या बाहेर, कडुलिंबाखाली ठेवलं. फादर म्हणाले होते, काळ बदललाय, आत ठेवा. म्हातारी माणसं कुरकुरली. शेवटी सगळ्यांनी बापाला विचारलं. बापच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या भाईर."

आता असं बाप का म्हणेल? तर ऐका, पोरगी मेलेली जन्मलीच नव्हती.

दवाखान्याच्या बोळकांडीत कल्याण एकटा बसला होता. नर्स पोरीला कपड्यात गुंडाळून काचेच्या पेटीकडं धावत निघाली होती. क्षणभर थांबली त्याच्याजवळ आणि म्हणाली, श्वास हाय, पन लई बारीक हाय. पोरीच्या छातीवरचा कपडा बारीक हलत होता, कल्याणनं बघितला. कल्याणच्या हातात पाण्याची बाटली होती. झाकण उघडलेलं होतं. बारा वर्षं तो पोरांना शिकवत आला होता की जीव जायची वेळ असली तर फादरची वाट बघायची नाही, कुणीही तीन वेळा पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतो. पोरांकडून घोकून घेतलेलं वाक्य ते. आणि ऐन वेळी याच्या डोक्यात काय यावं? आपल्याकडं एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. ती गेली असं समजून मोकळं होणं. त्याला वाटलं, आपण आत्ता पाणी ओतलं तर आपणच तिच्यावर पाणी सोडलं. डॉक्टर धडपडतायत आणि बाप पाणी सोडतोय. त्यानं बाटलीचं झाकण लावलं. चार मिनिटांनी नर्स परत आली, चालत.

मग तो खोटं बोलला. श्वास होता म्हणावं, तर पाणी का दिलं नाहीस हा पुढचा प्रश्न निकितानं विचारला असता. त्या एका प्रश्नाच्या भीतीनं त्यानं पोरीला श्वासच नव्हता असं सांगितलं. चार मिनिटं जगली होती ती. तेवढंच तिचं आयुष्य, आणि ते बापानं पुसून टाकलं. जिला आपण पाणी दिलं नाही तिच्यासाठी आतली जागा मागायचं तोंड त्याला नव्हतं, म्हणून बाहेर. माझा राग आहे त्याच्यावर, अजून आहे. आणि मला त्याची कीवही येते.

तर तो आत गेला. मोठं दार आतून लावलं, आडणा घातला. चर्चमध्ये एक दिवा चालू ठेवून तो वेदीमागच्या खोलीत बसला, वही काढली. आल्बन बाबांचं अक्षर गोल, शाई तपकिरी झालेली. फोटोच काढायचे होते, वाचायची गरज नव्हती. पण तुम्ही काय, मी काय, जुनी वही हातात आली की वाचतोच.

पहिली पानं आपल्या चर्चची नव्हतीच. आल्बन बाबांच्या गावाजवळच्या एका यात्रेच्या चर्चची होती, सहाशे वर्षांपूर्वीच्या. गावाचं नाव रोमन लिपीत होतं, कल्याणला ते लागेना. डोंगरातलं मारियामातेचं देऊळ. आल्बन बाबांनी लिहिलं होतं, "ह्या मंदिरांत लोक मृत बालकें घेऊन येत असत." कल्याणला वाटलं आपण चुकीचं वाचलं. परत वाचलं. बरोबरच होतं.

पोटात गेलेली, जन्मताना गेलेली लेकरं. बाप्तिस्मा न होता गेलेल्याला तेव्हा पवित्र मातीत जागा नव्हती आणि स्वर्गातही नाही, असं मानत. मग आईबाप ते गाठोडं छातीशी धरून बर्फातून दोन-दोन, तीन-तीन दिवस चालत यायचे. बाळाला मातेपुढं ठेवायचे. बाया निखाऱ्यांची शेगडी आणून त्याला ऊब द्यायच्या. मग त्याच्या ओठावर एक पीस ठेवायचं. पीस हललं, तर श्वास आला. तेवढ्या एका श्वासात त्याला नाव द्यायचं, पाणी ओतायचं, आणि मग आतल्या मातीत नीट ठेवायचं. पीस हललं की नाही हे सांगायला एक माणूस नेमलेला असे. त्यानं "हललं" म्हणायचं. तो म्हणाला नाही, तर आईबापांनी गाठोडं उचलायचं आणि आल्या वाटेनं परत जायचं.

पुढं धर्माधिकाऱ्यांना हे पटलं नाही. शेगडीच्या उष्णतेनं पीस हलतं, म्हणाले. त्या माणसाला बोलावून विचारलं, तू खरंच पाहिलंस का? त्याचं उत्तर वहीत होतं. "आधीं आई पाहत असे. मीं तिच्या तोंडाकडे पाहून बोलत असें." चर्च पाडलं गेलं. त्याच्या भिंतीतला एक दगड आल्बन बाबांच्या आजोळी पायरीला होता, तोच त्यांनी इथं आणला. खाली शेवटची ओळ अशी होती, "तो मनुष्य खोटें बोलला असेल तर देव त्याला क्षमा करो, आणि खरें बोलला असेल तर आम्हांला."

कल्याणनं वही मिटली. किती वाजले ते बघायला मोबाईल उचलला. दीड वाजून गेला होता. त्याला वाटलं होतं, अकरा.

आणि त्याला थंडी वाजत होती.

ऑगस्टमध्ये. अंगावरचा शर्ट दिवसभर घामानं चिकटलेला, आणि आता तोंडातून वाफ निघत होती. खोलीत ओल्या घोंगडीसारखा वास भरला होता. मेंढरं भिजून आली की येतो तसा.

मग बाहेर पाय वाजले.

एकाचे नाहीत. पुष्कळांचे. हळू... थकलेले... फरशीवर घासत येणारे. तुमचे आज संध्याकाळी वाजत होते ना, तसेच.

त्याला पहिल्यांदा भीतीही वाटली नाही. त्याला वाटलं, यात्रेकरू आले. कुणीतरी आठ दिवस आधीच निघतं, येऊन चर्चमध्ये पथारी टाकतं. तो खोलीतून बाहेर येत म्हणाला, "यात्रा आठ तारखेला हाय, तुमी आताच..."

वाक्य तिथंच राहिलं. दाराचा आडणा घातलेला होता. त्याला दिसत होता तो.

आणि चर्च माणसांनी भरलं होतं.

रांगेत उभी होती. जोडप्याजोडप्यानं. बापये दाढीवाले, बाया डोक्यावरून जाड शाली घेतलेल्या. खांद्यांवर पांढरं काहीतरी होतं, ते वितळत नव्हतं. कुणी बोलत नव्हतं. कुणी खोकलंसुद्धा नाही. प्रत्येक बाईच्या छातीशी एक गाठोडं.

कल्याणच्या डाव्या हाताला बाप्तिस्म्याचं दगडी पात्र होतं. तो त्याला धरून उभा राहिला. 

पहिलं जोडपं पुढं आलं. बाईनं कापड उलगडलं. त्यानं खाली बघितलं नाही... मग बघितलं. ओठावर एक पीस होतं. पांढरं, नखाएवढं.

बाई त्याच्याकडं बघत होती.

त्याला कळलं. त्या सगळ्यांनी त्याला कोण समजलं होतं, ते कळलं.

पीस हललं नाही. त्याचं तोंड उघडलं नाही. बाईनं कितीतरी वेळ वाट बघितली. मग कापड पुन्हा झाकलं, नीट, कोपरे आत खोचून... आणि ती बाजूला झाली.

दुसरं जोडपं.

तिसरं.

प्रत्येक बाई जाताना एकदा मागं वळून बघायची. रागानं नाही. "शिवी दिली असती तर बरं झालं असतं, रंगनाथकाका," असं म्हणाला तो मला.

मग एक बाई आली. एकटीच. तिच्याबरोबर बापई नव्हता, आणि तिच्या हातात दोन होती.

एक जाड लोकरीत गुंडाळलेलं. ते तिचं.

दुसरं... हिरव्या सुती कापडात. कडेला पिवळा धागा. निकितानं सातव्या महिन्यात हातानं घातलेली शिवण. कल्याणनं ते कापड स्वतः मातीत ठेवलं होतं.

ती बाई येताना कुंपणापाशी थांबली होती. बाहेर पडलेलं एक लेकरू दिसलं तिला. तिनं ते उचलून आणलं. आपल्याबरोबर.

तिनं हिरवं गाठोडं आधी पुढं केलं. स्वतःचं मागं ठेवून.

कापड उलगडलं.

...

पीस होतं.

...

हललं.

वारा नव्हता. शेगडी नव्हती. वेदीपुढच्या तेलाच्या दिव्याची ज्योतसुद्धा स्थिर होती. पीस उचललं गेलं, खाली बसलं. पुन्हा उचललं गेलं. तसंच... बारीक.

 सगळी रांग बघत होती. त्यानं पात्र घट्ट धरलं, आणि तो बोलला.

"हललं."

मग त्याला रडू फुटलं. "हललं हुतं," तो म्हणाला. "तवा बी हललं हुतं. मी बघितलं हुतं."

त्यानं पात्रातलं पाणी ओंजळीत घेतलं. निकिता पोटातल्या पोरीशी रात्री बोलायची तेव्हा तिला राजनंदिनी म्हणायची. कल्याण हसायचा, इवल्याशा जिवाला केवढं नाव! तेच नाव घेतलं त्यानं. "राजनंदिनी, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." तीन वेळा पाणी ओतलं. कपाळ कोमट होतं, म्हणाला.

आता त्या बाईनं स्वतःचं पुढं केलं.

कल्याणनं बघितलं. पीस ओठावर पडून होतं. हलत नव्हतं. तो बघत राहिला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि ते हललं नाही. मग त्यानं वर बघितलं. तिच्या तोंडाकडं.

"हललं," तो म्हणाला.

मागं परतलेली जोडपी पुन्हा वळली. पाय घासत... हळूहळू... सगळी. तो प्रत्येकीच्या तोंडाकडं बघत गेला आणि तो एकच शब्द म्हणत गेला. पाणी ओतत गेला. हात बधिर झाले. खरं बोललास की खोटं, असं मी विचारलं तेव्हा त्यानं मान हलवली. "त्ये मला विचारू नका," म्हणाला. त्यापायी अजूनही त्याला झोप नाही.

पात्राचा तळ हाताला लागला तेव्हा समोर कुणी नव्हतं. आडणा तसाच. फरशी कोरडी.

तो घरी कसा पोचला ते त्याला आठवत नाही. मोटारसायकल चर्चपाशीच राहिली, म्हणजे पळतच गेला असणार. तीनचा सुमार. चौकटीत निकिता उभी होती, अंगावर शाल घट्ट ओढून.

"कोन रडलं?" तिनं विचारलं.

कल्याण उभा राहिला.

"बाळाचं रडनं हुतं. एकदाच आलं. मी झोपेत नव्हते." तिचा आवाज अगदी शांत होता. "कल्याण, ती जिती हुती का?"

त्यानं दारातच सगळं सांगितलं. आधी दवाखान्याचं. बाटलीचं झाकण, चार मिनिटं, पाण्याला का भ्याला ते. चर्चचं नंतर. निकितानं त्याला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिनं फक्त विचारलं की किती वेळ. चार मिनिटं, तो म्हणाला. तिनं तो आकडा स्वतःशी दोनदा म्हटला. "माझ्या पोरीची चार मिनटं तू माझ्यापासून लपवली," म्हणाली. 

मग तिनं शाल बाजूला केली. छातीवरचा गाऊन दोन्हीकडं भिजला होता.

साडेसात महिने झाले होते. जानेवारीत डॉक्टरीणबाईंनी गोळ्या देऊन दूध बंद केलं होतं, आठ दिवसांत आटलं होतं. आणि आता पान्हा फुटला होता. थांबत नव्हता.

सकाळी आठला गनीभाईंकडं मजकूर गेला नाही. उजाडायच्या वेळेला ती दोघं कुंपणापाशी होती, कडुलिंबाखाली. बनुबाई झाडू घेऊन बाहेर आली होती, तिनंही पाहिलं. निकिता गुडघ्यांवर बसली आणि तिनं पाठ वळवून दूध त्या मातीवर पिळलं. आपल्याकडची काळी माती तुम्हाला ठाऊक आहे. ऑगस्टअखेर ती पाणी पिऊन तट्ट फुगलेली असते, वर तांब्याभर ओतलं तर घटकाभर तसंच साचून राहतं. सगळ्या वाटेवर डबकी होती त्या दिवशी.

दूध साचलं नाही. पडेल तो थेंब माती ओढून घेत होती. लगेच. मध्ये थांबत... आणि पुन्हा ओढत.